डब्याला फ्यूज नव्हते

मोटार चालू झाली तेव्हा माझी मुलगी विहिरीत होती.

तिच्या चार पायऱ्या खाली मोटारवाला होता. गुडघाभर पाण्यात उभा, हातात वायरीचा उघडा जोड. मोटारीची घरघर वर यायच्या आधी त्याचा आवाज आला. ते ओरडणं नव्हतं. छातीतली सगळी हवा कुणीतरी एकदम बाहेर ढकलावी तसा एकच हुंकार आला आणि थांबला. मी काठावर होते. वाकून पाहिलं, तर तो जोड सोडत नव्हता. त्याला सोडताच येत नव्हता. मान मागे ताठ झाली होती आणि पायाभोवतीचं पाणी थरथरत होतं.

मुलगी वळली, एक पायरी उतरली आणि तिनं हात पुढं केला.

"हात लावू नको!" मी ओरडले. "त्यास्नी हात लावायचा न्हाय! वर सरक!"

तिचा हात हवेत थांबला. तेवढं पाहून मी मोटारीच्या डब्याकडे पळाले. डबा विहिरीपासून वीसेक पावलांवर, सिमेंटच्या खांबाला ठोकलेला. राखाडी, गुळगुळीत, झाकण घट्ट, झाकणाला कुलूप. कुलपाची चावी बारामतीत, मुलीच्या ऑफिसात, टेबलाच्या खणात. डब्याच्या बाहेर बटण नाही, दांडा नाही, फ्यूज नाही. ओढून काढावं असं त्याला काहीच नव्हतं.

हा डबा माझ्या मुलीनं आणि तिच्या माणसांनी बनवला होता. त्यांना तो तसाच हवा होता.

मी दगड उचलला.

आता हे असं का झालं ते सांगते. मुलीच्या ऑफिसात नवीन माणूस आला की त्याला ही गोष्ट सांगतात, आणि प्रत्येक जण आपापला भाग थोडा झाकून सांगतो. मी माझा भागही सांगणार आहे.

आमची जमीन शेळगावला. मी चौथीपर्यंत शिकले. नवरा गेल्यावर शेती मीच पाहिली आणि त्यातली निम्मी वर्षं विहीर आणि मोटार यांच्या मागंच गेली. आमच्याकडच्या जुन्या स्टार्टरच्या पेटीत चिनी मातीचे तीन फ्यूज असायचे, एकेका फेजला एक. विहिरीत माणूस उतरायचा असला की तिन्ही फ्यूज ओढून काढायचे आणि जो उतरणार त्याच्याच खिशात द्यायचे. पेटीवर ठेवायचे नाहीत. दुसऱ्या कुणाच्या हातात द्यायचे नाहीत. मग वर कुणी दारू पिऊन आला, कुणी विसरला, कुणी चुकून खटका दाबला, तरी मोटार चालू होत नाही, कारण फ्यूज खाली आहेत. माझे सासरे ते कोपरीच्या खिशात ठेवायचे. मी उतरायचे तेव्हा पदराला बांधायचे. वर एक माणूस पेटीपाशी उभा राहायचा, काही काम नसलं तरी.

आणखी एक रीत होती. लाईट बंद आहे असं जो सांगेल त्यानं आधी उतरायचं, आणि उघडी वायर पहिल्यांदा त्यानं मुठीत धरायची. मग कारागिरानं हात लावायचा. ही रीत कुणी घातली ते मला माहीत नाही. कुणीतरी मेल्यावरच घातली असणार.

मुलगी पुण्यात दहा वर्षं सॉफ्टवेअरच्या नोकरीत होती. मग बारामतीला आली आणि एका हार्डवेअरच्या दुकानावर दोन खोल्या घेऊन तिनं स्वतःचं काम सुरू केलं. सात माणसं होती. त्यांनी मोटारीचा डबा बनवला. डब्यात सिम. फोनवर बटण दाबलं की शेतातली मोटार चालू, दाबलं की बंद. पाणी द्यायला रात्री-बेरात्री शेतात जायला नको, साप नको, चिखल नको. चांगलं काम होतं. मी ते तेव्हाही म्हणत होते आणि आताही म्हणते.

मी आठवड्यातले चार दिवस बारामतीला तिच्याकडं असायचे. दुपारी सगळ्यांचं जेवण घेऊन ऑफिसात जायचे. त्यांची बैठक चालू असली की कोपऱ्यात बसून संध्याकाळची भाजी निवडायचे. सॉफ्टवेअर मला कळत नाही. पण सात माणसं एका टेबलाभोवती बसून गोष्ट कशी ठरवतात ते मी ऊसतोडीच्या टोळीत पाहिलंय, बचत गटात पाहिलंय आणि घरातही पाहिलंय. त्याला शाळा लागत नाही.

तिथं एक भरभर बोलणारा होता. हुशार होता, कामाला वाघ होता. पण त्याचं उत्तर प्रश्न संपायच्या आधी तयार असायचं. आणि एक बाई होती, वडगाव निंबाळकरची, तिचं काम तपासायचं. बाकीच्यांनी केलेलं बिघडतं कसं ते ती शोधायची. ती हळू बोलायची आणि बोलताना टेबलाकडं बघायची. माझ्या मुलीला घाई होती. घाईत असलेल्या माणसाला भरभर बोलणारा आवडतो. मी हे तेव्हाच पाहिलं होतं. मुलीला बोलले नाही. ऑफिस तिचं होतं.

पहिल्या डब्यांना बाहेर फ्यूज होते. त्यांच्या तक्रारी फार यायच्या. कुणाचा फ्यूज ढिला, कुणी हरवला, कुणी फ्यूजमध्ये जाड तार भरली आणि आतलं सगळं जाळलं. आणि फोन मात्र ऑफिसला, "तुमचा डबा बेकार हाय." माझ्या जुन्या पेटीतलाही एक फ्यूज उंदरानं ओढून नेला की काय, सापडलाच नाही. मी एका जेवणाला मुलीला म्हणाले, "त्या फ्यूजची कटकट एकदाची घालव बाई."

दुसऱ्या दिवशीच्या बैठकीत ती म्हणाली, "आमच्या आईचंही हेच म्हणणं आहे."

सगळे माझ्याकडं बघून हसले. मीही हसले. हातात मेथीची जुडी होती. एका म्हातारीचं जेवतानाचं बोलणं त्यांनी पुराव्यासारखं टेबलावर ठेवलं, आणि मी ते उचलून परत घेतलं नाही.

तपासणाऱ्या बाईनं विचारलं, "आणि विहिरीत कुणी उतरायचं असलं तर?"

"ॲपमध्ये कुलूप देऊ," भरभर बोलणारा म्हणाला. "लाल बटण. दाबलं की मोटार चालूच होणार नाही. फ्यूजपेक्षा सेफ. फ्यूज हरवतो, बटण हरवत नाही."

"डब्याला रेंज नसली तर?"

"तर कमांड थांबते. रेंज आली की पोचते. तेच तर आपलं भारी आहे, माणसाला परत परत दाबावं लागत नाही."

"किती वेळ थांबते?"

"म्हणजे?"

"सकाळी दाबलेली कमांड दुपारी पोचली तर? संध्याकाळी पोचली तर? मला काल एक दिसली, पावणेतीन तास जुनी. टेबलावरचा डबा आपोआप चालू झाला."

"तुला सगळीकडं भूत दिसतं बघ."

"भूत नाही दिसत. रांग दिसते."

पुन्हा सगळे हसले. माझी मुलगी हसली नाही, तेवढं सांगते. तिनं विचार केला. मी तिचा चेहरा ओळखते, तिनं खरंच विचार केला. पण सणसरच्या एका मोठ्या गटाला कालव्याचं उन्हाळी आवर्तन सुटायच्या आत डबे बसवून हवे होते. ती म्हणाली, "यादीत टाक. आवर्तन झालं की पहिलं हेच घेऊ."

त्यांची यादी म्हणजे भिंतीवर चिकटवलेल्या पिवळ्या चिठ्ठ्या. एका बाजूला 'आता', दुसऱ्या बाजूला 'नंतर'. 'नंतर'ची बाजू भरून खिडकीपर्यंत गेली होती. बाईनं चिठ्ठी लिहून तिथं लावली. त्या दिवसापासून तिला ऑफिसात भुताची चिठ्ठी म्हणायला लागले. कुणी उशिरा आला तरी म्हणायचे, "भुतानं धरलं का रे?"

पावसाळा झाला, आवर्तन कधीच होऊन गेलं, दुसरा गट आला, तिसरा आला. चिठ्ठीचा डिंक वाळला. एकदा झाडताना ती मला जमिनीवर सापडली. मी वाचली. 'जुनी कमांड किती वेळ जिवंत?' एवढंच लिहिलं होतं. अक्षर चांगलं होतं. मी तिला चिकटपट्टी लावली आणि परत भिंतीवर लावली, 'नंतर'च्या बाजूला, जिथं होती तिथंच. मला वाटलं, पडलेली गोष्ट जागेवर ठेवली म्हणजे काम झालं. त्या खोलीत सगळ्यांना तसंच वाटत होतं.

त्या हिवाळ्यात शेळगावच्या आमच्या विहिरीवर नवा डबा बसला. बिनफ्यूजचा, कुलूपबंद. जुनी पेटी मी भंगारात दिली.

बसल्यावर दोनेक महिन्यांनी मोटार त्रास द्यायला लागली. चालू व्हायची आणि पाच मिनिटांत बंद पडायची. पाण्यातला वायरीचा जोड गेला असणार असा माझा अंदाज होता. मुलगीही म्हणाली, जोडच आहे. ती मोटारवाल्याला घेऊन दुपारी यायची होती. त्या आठवड्यात आमच्याकडं दिवसपाळीची लाईट होती.

सकाळी नऊच्या सुमारास मला वाटलं, बघावं एकदा, चालते का. गुरांचं कडवळ वाळत होतं. मी ओट्यावर बसून फोन काढला आणि हिरवं बटण दाबलं. गोल फिरायला लागला. काही झालं नाही. परत दाबलं. काही नाही. मी फोन कमरेच्या पिशवीत टाकला आणि भाकरी थापायला गेले. दाबलेलं बटण कुठंतरी जाऊन बसलंय, हे माझ्या डोक्यात आलं नाही. आमच्या घरात बटण म्हणजे दाबलं तर पेटणारं, नाही पेटलं तर विषय संपला.

मोटारवाला आमच्या पलीकडच्या वस्तीवरचा. माझ्याहून थोडा लहान. माझ्या नवऱ्याबरोबर वाढलेला, म्हणून मला वैनी म्हणायचा. पंचक्रोशीतल्या विहिरी त्याला आतून पाठ होत्या. डोक्याला पंचा, खांद्याला रबरी नळीचा तुकडा आणि तोंडात सतत काहीतरी टोचणारं. आल्या आल्या डब्यासमोर उभा राहिला, डब्याभोवती एक चक्कर मारली.

"फ्यूज कुठं हायती?"

"ह्याला फ्यूज नाहीत, तात्या," मुलगी म्हणाली.

"मग खिशात काय घालू, तुझं लगीनपत्र?"

"मी फोनवरनं कुलूप लावलंय. हे बघा."

तिनं फोन पुढं केला. लाल कुलपाचं चित्र होतं, खाली लिहिलेलं, 'कुलूप लागले'. त्यानं डोळे बारीक करून पाहिलं. मग मान वर करून खांबावरच्या डब्याकडं पाहिलं. परत फोनकडं.

"हे कुलूप फोनात दिसतंय. डब्यात हाय का?"

मुलगी हसली. "तेच आहे ते."

एवढा एकच प्रश्न त्या सात माणसांनी वर्षभरात एकमेकांना विचारला नव्हता. फोनवर जे दिसत होतं ते डब्यानं सांगितलेलं नव्हतं. तिनं बटण दाबल्याबरोबर फोननं स्वतःच कुलपाचं चित्र दाखवलं होतं, माणसाला वाट बघायला लागू नये म्हणून. डब्याला यातलं काहीच कळलं नव्हतं. डब्यातल्या सिमच्या कंपनीचा टॉवर सकाळपासून बंद होता. आमच्या फोनची सिमं दुसऱ्या कंपनीची, त्यांना पूर्ण रेंज होती. त्यामुळं कुणाला शंका यावी असं काही दिसतच नव्हतं.

"डीपीवरनं लाईट काढू का मग?" त्यानं विचारलं.

"डीपीच्या ट्रान्सफॉर्मरवर आठ जणांच्या मोटारी आहेत. सगळ्यांची भिजवणी चाललीय. काठ्या घेऊन येतील."

"येऊ द्या की. मार खायाला माणूस जित्ता लागतो, म्हंजे बरंच हाय." तो हसला, पण डब्यावरची नजर काढली नाही. मग पंचा सोडून कमरेला बांधला. "बरं, इंजिनेरबाई. रीत म्हाईत हाय न्हवं? आधी तुमी."

"माहीत आहे, तात्या. मी ह्याच विहिरीवर वाढलेय."

तिनं चपला काढल्या, सलवार वर दुमडली आणि खाली उतरायला लागली. मला बरं वाटलं. शिकली, पुण्याला राहिली, तरी रीत विसरली नाही, असं मनात आलं. रीतीतला फ्यूजचा अर्धा भाग आम्हीच काढून टाकलाय आणि उरलेल्या अर्ध्याच्या भरवशावर ती उतरतेय, हे मनात आलं नाही.

त्यानं वायर पाण्यातून वर ओढली, जुनी टेप कापून जोड उघडा केला. टेस्टर लावला. पेटला नाही. बंद मोटारीच्या वायरीवर तो पेटणारच नव्हता. मुलीनं तिन्ही तारा मुठीत धरल्या आणि हात वर करून मला दाखवला.

"आहे का जिवंत?" ती खालून ओरडली.

"बास झालं, द्या हिकडं," तो म्हणाला आणि त्यानं जोड हातात घेतला.

ती चार पायऱ्या वर आली. तिथं कपारीत पाण्याची पातळी मोजणारी त्यांची दांडी बसवलेली होती, ती बघायला लागली. मी काठावर. पेटीपाशी, म्हणजे आता डब्यापाशी, कुणी नव्हतं. एरवी मीच तिथं उभी राहिले असते, पण तिथं राखण करण्यासारखं आता काही उरलं नव्हतं, म्हणून मी काठावर उभी राहून गप्पा मारत होते.

किती वेळ गेला? दोन फेज टेपनं गुंडाळून व्हायला लागतो तेवढा. बाभळीवर होले घुमत होते. पलीकडच्या उसात कुणाचीतरी मोटार धाडधाड चालली होती.

"वैनी, चा ठिवा. दोन झाल्या, एक ऱ्हायली."

"आधी वर या. चहा कुठं पळून चाललाय?"

"पळत न्हाय, पर तुमच्या हातचा चा उकळाया तास लागतो, ठावं हाय मला."

माझ्या कमरेच्या पिशवीत फोन टिंग वाजला. मी पिशवीत हात घातला. फोन बाहेर यायच्या आत तो हुंकार आला.

नंतर मी तो फोन पाहिला. त्यावर दोन ओळी आल्या होत्या. 'मोटार चालू झाली.' आणि त्याखाली, 'कुलूप लागले.' टॉवर सुरू झाला होता आणि थांबलेले हुकूम रांगेनं डब्यापर्यंत पोचले होते. सकाळचा माझा पुढं, दुपारचा तिचा मागं. कुलूप नव्यानं कुणाला मोटार चालू करू देत नव्हतं. चालू झालेली बंद करायची, असं त्या कुलपाला कुणी शिकवलेलं नव्हतं.

पिशवीतल्या फोनवर मोटार बंद करायचं बटण होतं, ते मला तेव्हा आठवलंच नाही. दगडाच्या पहिल्या घावाला झाकणाला चीर पडली. दुसरा घाव निसटला आणि माझ्याच बोटावर बसला. तिसऱ्याला झाकणाचा तुकडा उडाला. आत हिरवी पाटी, बारीक दिवे, वायरी. कुठलं काय ते मला कळत नव्हतं. कुंपणाचा वाळका बांबू उचलला आणि आत खुपसला. खुपसत राहिले. एक दिवा निळा लुकलुकत होता, तो विझला तरी घरघर चालूच होती. मग काहीतरी कडकन तुटलं आणि घरघर थांबली.

परत काठावर आले तर मुलगी पाण्यात होती. तिनं त्याला बगलेत धरून डोकं पाण्यावर ठेवलं होतं. मी आठही शिवारांना ऐकू जाईल अशी ओरडले. ज्यांनी काठ्या घेऊन यायला हवं होतं ते आठ जण दोर घेऊन आले. त्यांनी त्याला वर घेतलं. मुलगी छाती दाबत होती. गाडीत घालून इंदापूरला नेईपर्यंत ती दाबतच होती.

चौथ्या दिवशी तपासणारी बाई घरी आली. तिच्याकडं सगळ्या हुकमांची नोंद होती, कुठून निघाला, कधी निघाला, कधी पोचला. पोलिसांनाही तीच द्यायची होती. तिनं माझ्या मुलीला बाजूला घेतलं. मी म्हणाले, "माझ्यासमोर वाच."

तिनं टेबलाकडं बघत वाचलं. सकाळी नऊ वाजून काही मिनिटं, चालू, फोन आईंचा. लगेच परत चालू, फोन आईंचा. दुपारी कुलूप, फोन मॅडमचा. तिन्हींच्या पुढं पोचल्याची वेळ जवळजवळ एकच.

"म्हणजे मी," मी म्हणाले.

"नाही आई," ती म्हणाली. "तुम्ही बटण दाबलंत. ते साठवून आम्ही ठेवलं."

ती मला सोडवायला तसं म्हणाली नव्हती. ती कुणालाच सोडवणारी बाई नव्हती. महिनाभरानं तिनं नोकरी सोडली. मुलीनं तिला थांबवलं नाही. जिचं खरं होतं तिला रोज ती भिंत बघत बसायला कसं सांगणार?

मुलीनं त्या दुपारीच, ओल्या कपड्यांत, दवाखान्याच्या पायरीवरून ऑफिसला फोन केला होता. सगळे डबे आत्ताच्या आत्ता मेले पाहिजेत, म्हणाली. भरभर बोलणाऱ्यानं काहीतरी विचारलं असणार, कारण ती म्हणाली, "पिकं वाळली तर वाळू देत. सगळ्यांना फोन करा. विहिरीत कुणी उतरलं असलं तर आधी वर घ्या." मग पुढचे दोन महिने ती स्वतः एकेका विहिरीवर गेली, सणसर, वडगाव, कुठं कुठं. प्रत्येक डब्याच्या बाहेर तीन फ्यूज बसवले आणि ते काढून मालकाच्या खिशात घालून दाखवले. काही जणांनी तिला पाणी दिलं. काही जणांनी शिव्या दिल्या. तिनं दोन्ही घेतलं.

आता तिच्या ऑफिसात काम कसं चालतं ते थोडक्यात सांगते, कारण पुष्कळ जण विचारतात. जुना हुकूम दोन मिनिटांत मरतो. फोनवर आधी 'पाठवलं' येतं. 'डब्यानं ऐकलं' हे डब्याचं उत्तर आल्याशिवाय येत नाही, मग माणसाला कितीही वाट बघायला लागो. 'नंतर'ची बाजू भिंतीवर अजून आहे, पण प्रत्येक चिठ्ठीवर ती नंतर ठेवणाऱ्याची सही असते, आणि जीवाचा प्रश्न असेल ती चिठ्ठी त्या बाजूला जातच नाही. नवा डबा पहिल्यांदा बसतो तेव्हा ज्यानं तो चालेल असं सांगितलं तो माणूस विहिरीत उतरतो आणि तार धरतो. फ्यूज खिशात घेऊन. यावरून दोघं काम सोडून गेले. भरभर बोलणारा गेला नाही. तो आता हळू बोलतो. ते बघायला मला बरं वाटत नाही, पण तसंच असू दे.

हे सगळं त्या आधीही करता येत होतं. त्याला जास्तीची अक्कल लागत नव्हती. दोन दिवसांचं काम होतं, तपासणारी बाईच म्हणाली. माझ्या मुलीनं मला एकदाही म्हटलं नाही की आई, फ्यूज काढायला तूच सांगितलंस. मी तिला म्हणाले, तर ती म्हणाली, "तू घरात बोललीस. ठरवलं मी." एवढं एक वाक्य तिनं ऑफिसातही सगळ्यांसमोर म्हटलं आणि पोलिसांपुढंही म्हटलं. वकील नको म्हणत होता.

विहारात त्याच्या पुण्यानुमोदनाला आम्ही दोघी गेलो. लोक आमच्याकडं बघत होते, पण बसायला जागा दिली. वंदना झाली. मोटारवाल्याची बायको माझ्याशेजारी येऊन बसली. आम्ही एकाच वर्षी या गावात नांदायला आलो. ती रडत नव्हती. तिनं माझ्या बोटावरची पट्टी पाहिली, हात हातात घेतला आणि खाली ठेवला.

"वैनी, एक इचारू?"

"इचार."

"पोरीला तुमी म्हनला, हात लावू नको."

"व्हय."

"त्यास्नी ऐकू गेलं आसंल का ते?"

मी तिला खोटं सांगू शकले असते. माणसाला तेव्हा काही ऐकू येत नाही असं म्हणता आलं असतं. डॉक्टर तसं म्हणाले असते बहुतेक. पण मला माहीत नव्हतं.

"गेलं आसंल," मी म्हणाले.

तिनं मान हलवली. "बरं केलं," ती म्हणाली. मग म्हणाली, "पर तुमी पेटीपाशी का न्हवता?"

त्याला माझ्याकडं उत्तर होतं. पेटीपाशी काही नव्हतं. ते उत्तर मी दिलं नाही, कारण ते उत्तरच गुन्हा होता. आम्ही तिथून उठलो तेव्हा तिनं मुलीच्या डोक्यावर हात ठेवला की नाही ते मला आठवत नाही. मुलगी म्हणते ठेवला. मी पाहिलं नाही.

त्या विहिरीवर आता जुन्या पद्धतीची पेटी आहे. फ्यूज चिनी मातीचे. परवा गाळ काढायला माणसं उतरली तेव्हा मी तिन्ही ओढून काढले, खाली उतरणाऱ्याच्या खिशात घातले आणि तो वर येईपर्यंत पेटीला हात लावून उभी होते. ऊन होतं. पाय दुखत होते.

त्या दुपारी आमच्या विहिरीत दोघं उतरली होती. त्यातली माझी मुलगी जगली. तो जगला नाही.